ताई, माझ्या वायफायमध्ये हे कोण घुसलंय?

पत्र बरंच लांब होतं आणि सोबत ढीगभर स्क्रीनशॉट होते, म्हणून कामापुरतं देते:

"ताई, नेट स्लो चाललंय म्हणून राउटरचं पान उघडलं तर कनेक्टेड डिव्हाइसच्या यादीत १९२.१६८.१.१०७ असा एक अनोळखी आयपी दिसला. नावाच्या जागी 'एस्प्रेसिफ' असं काहीतरी लिहिलंय, आमच्यात या नावाचं कोणी नाही. मग लॅपटॉपवर नेटस्टॅट आणि एआरपी या कमांड मारून बघितल्या तर १२७.०.०.१, ०.०.०.०, २३९.२५५.२५५.२५० असले आयपी लॅपटॉपला चिकटलेले निघाले. एकदा तर लॅपटॉपने स्वतःचाच आयपी बदलून १६९.२५४ वाला घेतला आणि नेटच बंद. राउटरवर १००.७९ ने सुरू होणारा आयपी आहे पण 'माझा आयपी कोणता' सांगणाऱ्या साइटवर वेगळाच येतो, म्हणजे मधे कोणीतरी बसलंय ना? ट्रेसराउटमध्ये १०.२४.०.१ आला, तो लुकअपवर टाकला तर 'रिझर्व्ड', मालकाचं नाव मुद्दाम लपवलंय. आणि ईमेलच्या लॉगिन हिस्टरीत मी कधीच न गेलेल्या शहरातून लॉगिन आहे. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर शिकणारा एक मुलगा राहतो, माझा संशय त्याच्यावर आहे, मी बोलणं सोडलंय. पोलिसात जाऊ का? – एक हैराण वाचक"

हैराण वाचक, आधी एक दीर्घ श्वास घ्या. तुम्ही नऊ आयपी (म्हणजे नेटवर्कवर मशीनला ओळखायचे पत्ते) पाठवलेत आणि त्यातले सात असे आहेत की त्यांचा "मालक" तुम्ही जन्मभर शोधलात तरी सापडणार नाही, कारण त्यांना मालक नसतोच. उरलेले दोन खरे इंटरनेटवरचे आहेत आणि त्यातला एक, 'माझा आयपी' साइटवरचा, तर तुमच्याच इंटरनेट कंपनीचा आहे. म्हणजे बघायचा राहिला एकच, तो ईमेलवाला, आणि त्याकडे मी नीट येणार आहे, पण आधी बाकीचा पसारा आवरू कारण खरी भीती त्यानेच घातलीये.

गंमत अशी की अनोळखी आयपी दिसला की आपण सगळे पहिला प्रश्न विचारतो "हा कोणाचा?" आणि सरळ लुकअप साइटवर जाऊन टाकतो. त्याच्या आधीचा प्रश्न आहे "हा कसला?" आयपीचे काही पट्टे खास कामांसाठी बाजूला काढून ठेवलेत, त्यांची अधिकृत यादी आयाना नावाची संस्था सांभाळते, आणि त्या यादीतला आयपी असेल तर लुकअप करून हाती काहीच लागत नाही. तुम्हाला 'रिझर्व्ड' दिसलं ते त्यामुळेच. नाव लपवलेलं नाही हो, नाव लिहायला कोणी नाहीच तिथे.

आता १९२.१६८.१.१०७ घेऊ. १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नावाचा एक दस्तऐवज आला, त्यात तीन पट्टे खाजगी वापरासाठी ठरवून दिले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे कोणीही, कुठेही, कोणाला न विचारता आपल्या आतल्या नेटवर्कमध्ये वापरू शकतो, अट एवढीच की ते बाहेर इंटरनेटवर जाऊ द्यायचे नाहीत. आता प्रत्येक घरात एक 'आई' असते, घरात हाक मारली की बरोबर तीच येते, पण हाच शब्द घेऊन तुम्ही जगात चौकशी करायला निघालात तर कोण काय सांगणार, तसंच १९२.१६८.१.१०७ चं आहे. या घडीला असंख्य राउटरांनी हाच नंबर आपापल्या कुठल्यातरी मोबाइलला, टीव्हीला, प्रिंटरला दिलेला असेल. तुमच्या यादीत तो आहे याचा अर्थ फक्त एवढाच की तुमच्या वायफायला काहीतरी जोडलेलं आहे आणि राउटरने त्याला तो नंबर दिलाय. नंबरवरून याच्यापुढे काहीही कळत नाही.

कळतं ते शेजारच्या रकान्यातून. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आयपीच्या पुढे मॅक अ‍ॅड्रेस आहे, म्हणजे डिव्हाइसच्या वायफायची बारा अक्षरांची ओळख, आणि नावाच्या जागी एस्प्रेसिफ. हे माणसाचं नाव नाही! एस्प्रेसिफ ही वायफायच्या चिप बनवणारी कंपनी आहे आणि तिच्या चिपा स्वस्तातल्या स्मार्ट बल्बपासून प्लग, पंख्याचे कंट्रोलर, दारावरची बेल अशा कशाकशात असतात. मॅक अ‍ॅड्रेसचा पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीला दिलेला असतो, राउटर तो वाचतो आणि यादीत चिपवाल्या कंपनीचं नाव छापून टाकतो, बल्बच्या डब्यावर कुठला ब्रँड लिहिलाय ते त्याला माहीतच नसतं. त्यामुळे लोक घाबरतात, आणि हे इतक्यांदा होतं की मला आता 'एस्प्रेसिफ' शब्द पत्रात दिसला की उत्तर अर्धं लिहून झालेलं असतं.

पण माझ्या अंदाजावर राहू नका, तपासा. घरात मोबाइल अ‍ॅपवरून चालणारं जे जे काही आहे ते एकेक करून बंद करा, स्विच ऑफ नाही तर सरळ प्लगमधून काढा, आणि लॅपटॉपवरून १९२.१६८.१.१०७ ला पिंग (समोरच्याला "आहेस का" विचारणारी कमांड) मारत राहा. ज्या क्षणी उत्तर यायचं थांबेल तो तुमचा घुसखोर. फक्त राउटरच्या यादीवर विसंबू नका हां, कारण डिव्हाइस बंद झालं तरी त्याला दिलेल्या नंबरची मुदत संपेपर्यंत नाव तिथे तसंच लटकत राहू शकतं, बऱ्याच राउटरवर ही मुदत दिवसभराची असते. सगळं बंद केल्यावरही पिंगला उत्तर येत राहिलं तर मात्र वायफायचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वायफायला जोडायची सोय) सेटिंगमध्ये बंद करा आणि एकेक ओळखीचं डिव्हाइस परत जोडत या, न ओळखीचं आपोआप बाहेर पडेल.

यादीत अजून एक नाव नसलेलं डिव्हाइस तुम्ही लाल गोल करून पाठवलंय, त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर ई आहे. हे लक्षात ठेवा, दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक अ‍ॅड्रेस कंपनीने दिलेला नसून बहुतेक वेळा डिव्हाइसने स्वतःच बनवलेला असतो. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक न देता असा बनावट देतात, कोणी माग काढू नये म्हणून. तेव्हा हा तुमच्याच घरातला कुठलातरी मोबाइल असण्याची शक्यता जास्त. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन तो सध्या कुठला मॅक वापरतोय ते दिसतं, जुळवून बघा.

पुढचा १२७.०.०.१. हा तुमचा लॅपटॉप स्वतःशी बोलतोय. १२७ ने सुरू होणारा अख्खा पट्टा, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर पत्ते, स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवलाय (त्या काळी पत्ते उदार हाताने वाटायचे, आज वाचून जीव जळतो). एका प्रोग्रामला त्याच मशीनवरच्या दुसऱ्याशी बोलायचं असेल तर तो इथून बोलतो, केबलवर किंवा वायफायवर यातलं काहीही जात नाही. ०.०.०.० चं तर अजूनच सोपं. तुमच्या नेटस्टॅटच्या (ही मशीनच्या चालू जोडण्या दाखवणारी कमांड) चित्रात एक ओळ अशी आहे: डावीकडे ०.०.०.०:१३५, मधे ०.०.०.०:०, पुढे 'लिसनिंग', शेवटी एक आकडा. डावीकडच्या शून्यांचा अर्थ "माझ्या कुठल्याही पत्त्यावर आलं तरी मी ऐकतोय", मधल्या शून्यांचा अर्थ "समोर अजून कोणीही नाही", आणि शेवटचा आकडा म्हणजे प्रोसेस आयडी, चालू प्रोग्रामचा ओळख क्रमांक. तुम्ही सगळं लक्ष त्या शून्यांवर दिलंत आणि कामाचा आकडा होता तो शेवटचा! टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅबवर जा, तोच आकडा शोधा, प्रोग्रामचं नाव समोर येईल. १३५ हा पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या दाराचा नंबर, त्यावर विंडोज स्वतःच बसलेलं असतं, ते सोडून द्या. पण एखाद्या ओळीत 'एस्टॅब्लिश्ड' लिहिलेलं असेल, समोरचा पत्ता खरा बाहेरचा असेल आणि प्रोग्रामचं नाव तुम्ही आयुष्यात ऐकलेलं नसेल, तर ती ओळ बघण्यासारखी. तुमच्या चित्रात 'एस्टॅब्लिश्ड'च्या बहुतेक ओळी ब्राउझरच्याच दिसतायत, तुमचे टॅब किती उघडे असतात ते मी विचारत नाही.

२३९.२५५.२५५.२५० तुम्हाला एआरपीच्या यादीत (कुठल्या आयपीला कुठला मॅक ते सांगणाऱ्या) मिळाला, त्याच्यासमोर मॅक ०१-००-५ई-७एफ-एफएफ-एफए आणि 'स्टॅटिक' लिहिलेलं आहे. २२४ पासून २३९ पर्यंतचे पत्ते मल्टिकास्टचे, म्हणजे कुठल्या एका मशीनचे नसून गटाला हाक मारायचे. या पत्त्यावर टीव्ही, मोबाइल, प्रिंटर, लॅपटॉप एकमेकांना ओरडून विचारतात, "इथे कोणी व्हिडिओ दाखवणारं आहे का, कोणी प्रिंट काढणारं आहे का". मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकताना टीव्हीचं नाव आपोआप येतं ना, त्यातलं बरंच काम असल्याच हाकांवर चालतं. २२४.०.०.२५१ पण दिसेल कधीतरी, तोही त्याच जातीचा, त्यावरून मशीन एकमेकांची नावं विचारतात. शेवटी २५५.२५५.२५५.२५५ दिसला तर ती सगळ्या नेटवर्कला मारलेली हाक. विंडोजच्या एआरपी यादीत हे कायमचे मुक्कामाला असतात, डिलीट करायच्या भानगडीत पडू नका, परत येतात.

१६९.२५४ बद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तुमच्या पत्रातला खरा बिघाड हाच आहे आणि तुम्ही त्याला एका ओळीत उरकलंत. लॅपटॉप वायफायला जोडला की तो राउटरकडे पत्ता मागतो, या मागण्या-देण्याला डीएचसीपी म्हणतात. उत्तरच आलं नाही तर थोडा वेळ वाट बघून लॅपटॉप १६९.२५४ च्या पट्ट्यातला एक नंबर आपला आपण उचलतो, तो दुसऱ्या कोणी घेतला नाहीये ना ते विचारून घेतो, आणि त्यावर बसून राहतो. या पत्त्यावरून त्याच नेटवर्कमधल्या मशीनशी बोलता येतं पण राउटर ओलांडून बाहेर जाता येत नाही, म्हणून नेट बंद. म्हणजे कोणी तुमचा आयपी पळवला नाही, राउटरने दिलाच नाही! सिग्नल कमजोर असेल, राउटर अडकला असेल, किंवा वाटायला ठेवलेले नंबर संपले असतील. राउटर रीस्टार्ट करा, लॅपटॉपवर ते वायफाय 'फर्गेट' करून परत जोडा, आणि तरी होत राहिलं तर राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर जाऊन किती नंबर वाटायला ठेवलेत ते बघा. काही राउटरवर कोणीतरी कधीतरी तो आकडा दहा-वीसवर आणून ठेवलेला असतो आणि मग घरातल्या डिव्हाइसांची खुर्चीसाठी मारामारी चालते. तुमचं नेट स्लो असण्याचं मूळही मी आधी इथेच शोधेन, सिग्नलमध्ये.

आता १००.७९. यावर तुम्ही "मधे कोणीतरी बसलंय" म्हणालात आणि खरं सांगायचं तर बरोबर म्हणालात, फक्त बसलीये ती तुमची इंटरनेट कंपनी. झालं असं की आयपीव्ही४ चे, म्हणजे आत्तापर्यंत बघितलेल्या चार आकडी पद्धतीचे, एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी, त्यातला वाटायला शिल्लक असलेला साठा आयानाकडून फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, म्हणजे जगातल्या पाच प्रादेशिक संस्थांना शेवटचा एकेक मोठा पट्टा देऊन झाला आणि कोठार रिकामं. ग्राहक तर वाढतच होते. मग कंपन्यांनी एका खऱ्या पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवायला सुरुवात केली, आणि अशा आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा वेगळा काढून दिला. तुमचा १००.७९ बरोबर त्यात बसतो. राउटरला कंपनीकडून हा आतला नंबर मिळतो, बाहेरच्या साइटला मात्र कंपनीचा सामायिक नंबर दिसतो, म्हणून दोन्हीकडे वेगळं येतं. याला सीजीनॅट म्हणतात. लक्षात घ्या, १०० ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता यातला नाही, १००.६३ किंवा १००.१२८ दिसला तर तो साधा सार्वजनिक पत्ता आहे. आणि हाच पट्टा राउटरवर न दिसता थेट लॅपटॉपवर दिसला तर टेलस्केलसारखं एखादं व्हीपीएन (दूरच्या खाजगी नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल आहे का बघा, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर शक्यता असते, टेलस्केल याच पट्ट्यातले नंबर वाटतं.

सीजीनॅटचा त्रास आहे, नाही असं नाही. बाहेरून घरचा कॅमेरा उघडायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला घरातल्या ठराविक डिव्हाइसकडे पाठवणं) करायला जाल तर चालणार नाही. तुमच्यासोबत त्याच पत्त्यावर बसलेल्या कोणीतरी उपद्व्याप केला की साइट तुम्हालाही "तुम्ही रोबोट आहात का" विचारत बसतात. पण हा हल्ला नाही, काटकसर आहे. ट्रेसराउट वाटेतले थांबे दाखवतं, त्यातला १०.२४.०.१ हासुद्धा कंपनीच्याच आतला एक राउटर, वाटेवरचा थांबा.

थोडं सावध करायचं तर दोन ठिकाणी लोक उलटे फसतात. १७२ ने सुरू झालं की खाजगी, असं पाठ केलेलं असतं, पण खाजगी फक्त १७२.१६ ते १७२.३१. १७२.२१७ गूगलचा आहे, १७२.६७ क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा. तसंच १९२ ने सुरू होणारं सगळं खाजगी नाही, फक्त १९२.१६८. दुसऱ्या आकड्यापर्यंत वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि खाजगीतही ओळखीच्या खुणा असतात: १७२.२०.१० ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर बहुतेक तुम्ही कोणाच्यातरी आयफोनच्या हॉटस्पॉटवर आहात, १९२.१६८.१३७ म्हणजे विंडोजचा हॉटस्पॉट, १७२.१७ दिसला तर बहुतेक मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे.

आता वरच्या मजल्यावरच्या मुलाचं. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये त्याच्याकडे बोट दाखवणारी एक ओळसुद्धा नाही. कॉम्प्युटर शिकतो हा काही गुन्हा नाही हो. बोलणं सोडलंत ते सुरू करा, आणि खरं तर वर सांगितलेली पिंगची तपासणी करताना त्यालाच बोलवा, अर्ध्या तासात बल्ब शोधून देईल.

आता तो ईमेलवाला. तो पत्ता खरा, सार्वजनिक आहे आणि तुमच्या सोबत अजून कोणाकोणाचा असू शकतो म्हणून मी इथे छापत नाहीये, त्याच्या जागी २०३.०.११३.४५ लिहिते. हा पट्टाही खास आहे बरं का: २०३.०.११३, १९८.५१.१०० आणि १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते फक्त पुस्तकांत आणि लेखांत उदाहरणासाठी वापरायला ठेवलेत, म्हणजे कोणी वाचून तसंच टाइप केलं तर खऱ्या माणसाच्या दारात जाऊन पडत नाही. पूर्वी लोक उदाहरणाला १.१.१.१ वाटेल तिथे ठोकून द्यायचे, मग २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने त्याच पत्त्यावर खरी डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी) सुरू केली तेव्हा कळलं की कितीतरी उपकरणांनी तो नंबर आपल्याच आतल्या कामाला लावून ठेवलाय आणि तिथून ती सेवा उघडतच नाही.

सार्वजनिक पत्ता असेल तर "कोणाचा" हा प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त उत्तर म्हणून माणूस मिळेल अशी आशा सोडा. हूइज किंवा त्याचा नवा अवतार आरडॅप, यावर शोधलं की त्या पाच संस्थांपैकी एकीच्या नोंदवहीत बघून कळतं की हा पट्टा कुठल्या कंपनीला दिलाय आणि गैरवापराची तक्रार कुठे करायची. मी तुमचा शोधला, तो एका मोबाइल कंपनीचा निघाला. दुसरी तपासणी म्हणजे उलटं नाव शोधणं, आयपीवरून नाव. ८.८.८.८ टाकलं तर 'डीएनएस डॉट गूगल' येतं. पण हे नाव पट्टा ज्याच्या हातात आहे तो स्वतः लिहितो, काहीही लिहू शकतो, त्यामुळे मिळालेलं नाव परत आयपीमध्ये फिरवून तोच नंबर येतो का बघायचं. आला तर विश्वास, नाही आला तर ते नाव म्हणजे दारावर स्वतः चिकटवलेली पाटी.

आणि शहर? शहरावर तर अजिबात जाऊ नका. आयपीमध्ये शहर लिहिलेलं नसतं, काही कंपन्या वेगवेगळ्या खुणांवरून अंदाज बांधतात आणि तो डेटा विकतात. अमेरिकेतल्या मॅक्समाइंड या अशाच एका कंपनीने, ज्या पत्त्यांचं "अमेरिकेत कुठेतरी" याच्यापुढे काही माहीत नव्हतं त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू देऊन टाकला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडत होता. साठ कोटींच्या वर आयपी त्या एका शेताकडे बोट दाखवायला लागले, आणि वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्यांच्या दारात पोलीस, तपास अधिकारी आणि चिडलेले लोक येत राहिले, कोणी चोरीचा माल शोधत, कोणी हरवलेलं माणूस शोधत. २०१६ मध्ये बातमी आल्यावर कंपनीने तो बिंदू हलवून एका तळ्यात नेऊन ठेवला. तुमच्या लॉगिन हिस्टरीतलं शहर अशाच अंदाजातून येतं. मोबाइल डेटावर असाल तर सहसा तुम्ही नाही तर कंपनीचा गेटवे, म्हणजे इंटरनेटला जोडणारा नाका, जिथे आहे ते शहर दिसतं, आणि तो कित्येक मैल लांब असू शकतो.

त्यामुळे शहर सोडा, तीन गोष्टी बघा. त्या लॉगिनची वेळ काय आणि तुम्ही तेव्हा मोबाइलवर, वायफाय बंद करून, ईमेल बघत होतात का. डिव्हाइसचं मॉडेल तुमचं आहे का. आणि लॉगिन यशस्वी झालंय की फक्त प्रयत्न होऊन अडलंय. तुमच्या चित्रात मॉडेल अर्धवट कापलं गेलंय पण आयपी मोबाइल कंपनीचाच आहे, त्यामुळे माझा कल "हे तुम्हीच" याकडे आहे. मात्र मॉडेल जुळत नसेल आणि लॉगिन यशस्वी असेल तर आयपीचा अभ्यास तिथेच थांबवा, लॉगिनचं पान सेव्ह करा आणि लगेच खातं वाचवा: सगळीकडून लॉगआउट, नवा पासवर्ड, टू-स्टेप चालू, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना ते बघणं, आणि हे लोक हमखास विसरतात ते म्हणजे फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासणं, कारण घुसलेला माणूस पासवर्ड गेला तरी मेलची कॉपी स्वतःकडे येत राहील अशी सोय तिथे करून ठेवतो.

राउटरवरही एक जागा बघायला सांगते, ती बाकीच्या सगळ्या यादीपेक्षा महत्त्वाची आहे. डीएनएस सर्व्हरचा रकाना. तिथे 'ऑटोमॅटिक' असेल, कंपनीचा पत्ता असेल, किंवा ८.८.८.८, १.१.१.१, ९.९.९.९ यातलं काही असेल तर ठीक. तुम्ही न टाकलेला आणि कशाशीच न जुळणारा सार्वजनिक पत्ता तिथे बसलेला असेल तर ती खरी धोक्याची खूण आहे, कारण मग बँकेचं नाव टाइप केल्यावर तुम्हाला कुठे पाठवायचं ते तो ठरवतो. अशा वेळी राउटर फॅक्टरी रीसेट, नवं फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर), आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलणं, तो अजून 'अ‍ॅडमिन'च असेल तर आजच.

राउटरच्या फायरवॉलच्या लॉगमध्ये कधी गेलात तर "ब्लॉक्ड" म्हणून परदेशी पत्त्यांची रांग दिसेल, ती बघून परत मला पत्र लिहू नका. २०१३ मध्येच मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं, चांगल्या जोडणीवर एक मशीन पाऊण तासाच्या आत अख्खा आयपीव्ही४ चाळून काढतं. तेव्हापासून चांगले-वाईट सगळेच रात्रंदिवस सगळ्यांची दारं ठोठावत असतात, तुमच्याशी वैर म्हणून नाही, नंबर पुढचा आला म्हणून. ब्लॉक्ड म्हणजे दार बंद होतं.

तुम्ही विचारलं नाहीत पण लवकरच विचाराल म्हणून आयपीव्ही६ चं, म्हणजे आयपीच्या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीचं, दोन ओळीत: एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता प्रत्येक डिव्हाइसला असतोच, तो फक्त त्याच नेटवर्कपुरता. एफडी ने सुरू झाला तर खाजगी. '::१' म्हणजे तिथला १२७.०.०.१. २ किंवा ३ ने सुरू होणारा साधारणपणे सार्वजनिक, अपवाद २००१:डीबी८ चा, तो उदाहरणाचा. आणि लॅपटॉपला एकाच वेळी तीन-चार पत्ते असतात, त्यातला एक वरचेवर बदलतो, ते मुद्दाम केलेलं आहे.

पोलिसांचं म्हणाल तर आज जायची गरज नाही. डिव्हाइस तुमचं नाही आणि लॉगिन यशस्वी आहे असं ठरलं तर जा, पण तेव्हा नुसता आयपी घेऊन जाऊ नका. एका पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक असल्यामुळे कंपनीला माणूस शोधायला तारीख, सेकंदापर्यंत वेळ, ती वेळ कुठल्या टाइमझोनची, आणि मिळाला तर पोर्ट नंबर लागतो, आणि अशा नोंदी कंपन्या कायम ठेवत नाहीत. म्हणून लॉगिनचं पूर्ण पान, यावेळी मॉडेलचं नाव न कापता, तारखेसकट आजच सेव्ह करून ठेवा. लॉगआउट आणि पासवर्डची कामं त्याच्यानंतर, कारण काही ठिकाणी सगळीकडून लॉगआउट केलं की ती नोंद यादीतून निघून जाते.